आजीचं गोंदण माझ्या हातावर, आणि शाळेतली लांब बाही

आबोली_पेडणे

गेल्या डिसेंबरात मी उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला तुळशी वृंदावन गोंदवून घेतलं. जेमतेम दीड इंच उंच. काळी शाई, रंग नाही, शेडिंग नाही. आजीच्या हातावर होतं तेच, तिथंच.

आजी जाऊन दोन वर्षं झाली. शेवटच्या महिन्यात ती झोपूनच असायची. एका दुपारी मी तिच्या हातावर ट्रेसिंग पेपर ठेवून स्केचपेनने रेघा उतरवून घेतल्या. कातडी इतकी सैल झाली होती की एका हाताने ताणून धरल्याशिवाय चौकोनाचा चौकोन दिसेना. आजी अर्धवट झोपेत होती, एकदा डोळे उघडून म्हणाली, "कित्या गो?" मी म्हटलं, काही नाही, झोप तू.

खाली तीन पायऱ्या. त्यावर वृंदावनाचा चौकोन, आत पाच ठिपके. वर तुळशीच्या तीन फांद्या. आणि सगळ्यात खालच्या पायरीच्या डाव्या टोकातून निघालेली एक बारीक रेघ, तिरकी, खाली गेलेली. अर्ध्या इंचाहून थोडी कमीच. ही रेघ कशाची ते आजीला विचारायचं राहूनच गेलं. टॅटूवाल्या मुलाने स्टेन्सिल करताना विचारलं, "ताई, ही चुकून आलीय वाटतं, पुसून टाकू?" मी म्हटलं, तिला हात लावायचा नाही.

आता लोकांचं. आई पहिल्या दिवशी काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना, माझ्याकडे न बघता, "म्हशीक डाग दिल्यासारखा दिसता." लग्नाच्या बाजारातल्या मावश्यांनी काय म्हटलं ते लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे.

खरा त्रास शाळेत झाला. मी एका खाजगी शाळेत पाचवी ते सातवीला मराठी शिकवते. जानेवारीत कुणा पालकाने विचारलं म्हणे, आणि मोठ्या बाईंनी बोलावून गोड आवाजात सांगितलं, "मुलं बघतात, लांब बाहीचं घालत जा." तेव्हापासून मार्चच्या या उकाड्यातही मनगटापर्यंत बाही. फळ्यावर वर लिहायला हात उचलला की बाही कोपराकडे घसरते, म्हणून मनगटाला केसांचं रबर लावते. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "टीचर, तुमका हाताक लागला?"

आणि याच शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्ही धालो, म्हणजे गोव्यातल्या बायकांचं लोकनृत्य, बसवले होते. मुलींच्या हनुवटीवर, कपाळावर, हातावर गोंदणाचे ठिपके काढायचं काम याच बाईंनी माझ्याकडे दिलं होतं. सोळा मुली, एक आयलायनर. "अगदी खऱ्या जुन्या बायका दिसतायत गं," असं तेव्हा म्हणाल्या होत्या.

तर दोन प्रश्न आहेत. एक, तुमच्या अंगावर असं काही असेल तर ते कशासाठी, आणि लोक काय म्हणतात? दुसरा, ती तिरकी रेघ काय असेल? कुणाच्या आजीच्या हातावर बघितली आहे का?

रापणकार

रेघ म्हणजे दिव्याची वात. वृंदावनाच्या पायरीवर संध्याकाळी दिवा ठेवतात ना, तोच. डोळे मिटून सांगतो.

बाकी माझ्या दंडावर नांगर आहे. आमच्या घरात तीन पिढ्या तारवटी, मीही बावीस वर्षं जहाजावर काढली. पहिल्या सफरीत एका बंदरावर सगळ्यांनी काढले तसा मीही काढला, त्याचा अर्थ विचाराल तर "बियर स्वस्त होती" एवढाच. आमच्या जहाजावर सामोआ बेटांवरचा एक बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, होता, कमरेपासून गुडघ्यापर्यंत पूर्ण भरलेला. तो सांगायचा, टॅटू हा शब्द आमचा, 'तताऊ'. खरंच आहे ते. कॅप्टन कुकचं जहाज १७६९ मध्ये ताहितीला लागलं आणि तिथून हा शब्द इंग्रजीत गेला. त्या बोसनच्या गावात नक्षी अर्धवट सोडून पळालेल्या माणसाला जन्मभर नावं ठेवत. आपल्याकडे काढणाऱ्याला ठेवतात, तिकडे न काढणाऱ्याला.

घरी आल्यावर बापाने नांगर बघून एवढंच विचारलं, "वर्तो कित्या काढलो मरे?" खरंच उलटा होता. त्याच्याकडे बघून काढला असता तर बरं झालं असतं.

अण्णा_साखळी

कटू वाटेल, पण लिहितो. शाळेने पोशाखाचा नियम केला तर त्यात एवढं रडण्यासारखं काय? शिक्षिका म्हणजे समोर चाळीस पोरांचे डोळे. तुम्ही आजीसाठी काढलं, पोरांना आजी दिसत नाही, टॅटू दिसतो. उद्या आठवीतला पोरगा मानेवर विंचू काढून येईल आणि म्हणेल, टीचरच्या हातावर आहे.

मी त्या काळातला आहे जेव्हा हणजुण-हरमलच्या किनाऱ्यावर हिप्पी आले. साठच्या दशकाच्या शेवटी आणि सत्तरच्या दशकात आम्ही सायकलवरून बघायला जायचो. अंगभर चित्रं काढलेले लोक तेव्हा पहिल्यांदा बघितले, आणि त्यांच्याबरोबर काय काय आलं तेही बघितलं. माझ्या पिढीच्या डोक्यात ते समीकरण बसलं आहे. चूक असेल, पण ते हवेतून आलेलं नाही.

आजीची आठवण ठेवायला झाड लावा की. पाच वर्षांनी नको झालं तर झाड तोडता तरी येतं.

आबोली_पेडणे

अण्णा, झाडं आहेत हो. आजीनेच लावलेला एक फणस आणि एक बिमली अंगणात उभी आहे. फणस तोडायचं बोलून बघा आमच्या आईपुढे.

पोरांचा मुद्दा मात्र मी उडवून लावत नाही. एकाने विचारलंच मला, "दुखता काय?" मी म्हटलं, दुखतं, आणि अठरा वर्षांच्या आत कुणी काढून देत असेल तर तो माणूस बरा नव्हे. यापेक्षा जास्त काय सांगायचं ते मला सुचलं नाही.

सुई_शाई

मी या धंद्यातला. उत्तर गोव्याच्या किनारपट्टीवर नऊ वर्षं काम करतोय. ऑक्टोबर ते मार्च मान वर करायला वेळ नसतो, पावसाळ्यात माश्या मारतो. मोकळ्या वेळात लिहिणारा मी, पण आज सीझनमध्येच लिहितोय, कारण धागा जिव्हाळ्याचा आहे.

लोक समजतात की आमच्याकडे सगळे नशेत येतात. नशेत आलेल्याला मी परत पाठवतो. रक्त जास्त येतं, हात स्थिर राहत नाही, आणि सकाळी शिव्या मला पडतात. सगळ्यात जास्त काम कशाचं असेल? नावं. आई, बाबा, मूल. त्यानंतर तारखा. त्यानंतर आधीच्या नावांवर कव्हर-अप. नव्या प्रेमातली माणसं नाव काढायला आली की मी म्हणतो, चहा घेऊन या, तासाने भेटू. निम्मे परत येत नाहीत. माझं नुकसान, पण रात्री झोप लागते.

देवनागरीचं एक रडगाणं गातो. परदेशी गिऱ्हाईक नेटवरून उचललेलं चित्र घेऊन येतं, त्यात जोडाक्षर फुटलेलं असतं. 'शक्ति' असेल तर क चा पाय मोडलेला आणि वेलांटी भलत्याच अक्षराला टेकलेली. डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये आपली लिपी नीट बसवलेली नसली की असं होतं. मी कागदावर हाताने नीट लिहून देतो. एक बाई तर भांडली, की इंटरनेटवर असंच आहे. तिच्या पाठीवर आता जे आहे ते मी काढलेलं नाही, शेजारच्या गल्लीत जाऊन काढून घेतलंय. वाचता येणारे आपण इथे, ती तिकडे जाऊन मिरवणार. तिला कोण सांगणार?

ॐ आणि गणपती पायाच्या पोटरीवर मागतात. मी कमरेच्या वर काढायला सुचवतो, ऐकलं तर ऐकलं. यावरून देशात मारामारीची वेळ आलेली आहे, बेंगळुरूला २०१५ मध्ये एका ऑस्ट्रेलियन पोराला नडगीवरच्या देवीवरून लोकांनी घेरलं होतं.

ताई, तुमच्या पोराने रेघ पुसू का विचारलं, म्हणजे पोरगा चांगला. पुसून मोकळा नाही झाला. रेघेबद्दल माझा अंदाज: तुळशीला घातलेलं पाणी जाण्याची वाट. जुन्या वृंदावनांना खाली पन्हळ असते.

आणि नवीन काढलेल्या सगळ्यांसाठी: खपली पूर्ण जाईपर्यंत, दोन-तीन आठवडे धरा, समुद्रात उतरायचं नाही. गोव्याला येऊन पहिल्या दिवशी टॅटू काढतात आणि दुसऱ्या दिवशी लाटांत. शेवटच्या दिवशी काढा, बाबांनो.

फौजी_फोंडा

लांब बाहीवरून आठवलं. भरतीला येणाऱ्या पोरांना हा प्रश्न नेहमी पडतो म्हणून लिहितो. सैन्याच्या नियमात कायमचा टॅटू दोन जागी चालतो, कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला. बाकी कुठे असला तर मेडिकलला अडचण. आदिवासी जमातींच्या मुलांना त्यांच्या रूढीप्रमाणे सूट असते.

म्हणजे आबोलीबाईंचं वृंदावन फौजेत पास. शाळेत नापास.

पर्तगाळकर

आषाढी एकादशीला आमच्या मठाचे स्वामी जिथे असतील तिथे रांग लागते. सुदर्शन होमाच्या अग्नीवर शंख आणि चक्राच्या धातूच्या मुद्रा तापवायच्या आणि दंडावर टेकवायच्या. तप्त मुद्रा म्हणतात. चर्र होतं, जळलेल्या केसांचा वास येतो, आणि मग दोन-तीन आठवडे तांबूस ठसा राहतो. माझे वडील वकील होते, मुद्रा घेऊन दुसऱ्या दिवशी कोर्टात जात. त्यांच्या अशिलांनी कधी "वकीलसाहेब, हे काय थेर" म्हटल्याचं आठवत नाही.

तेच वडील, माझ्या मुलाने पाठीवर त्याच शंख-चक्राचा टॅटू काढला तेव्हा आठ दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. मुलगा म्हणाला, "आजोबा, चित्र तेच आहे." आजोबा म्हणाले, "चित्र तेच, देणारो कोण?" मी दोघांच्या मध्ये बसून सोलकढी प्यायलो. अजूनही मला वाटतं, आजोबांच्या बोलण्यात काहीतरी होतं. मुद्रा मागायला वाकावं लागतं, टॅटूला पैसे द्यावे लागतात. पण आठ दिवस अबोला धरण्याएवढं होतं का ते सांगता येत नाही.

रेघ: नाग. वृंदावनाच्या बुडाशी असतोच.

कातडीवैद्य

त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो, त्यामुळे माझ्याकडे येतात ते पस्तावलेले किंवा सुजलेले. माझं मत एकांगी असणार हे धरून वाचा.

शाई राहते कशी, हे बहुतेकांना माहीत नसतं. सुई वरच्या पापुद्र्याच्या खाली, डर्मिसमध्ये, शाई सोडते. शरीराला तो परका कचरा वाटतो आणि मॅक्रोफेज नावाच्या पेशी तो गिळतात. गिळतात पण पचवता येत नाही, म्हणून तोंडात धरून जागच्या जागी बसतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांच्या शेपटीवर टॅटू काढून दाखवलं की या पेशी मेल्या की शाई मोकळी होते आणि शेजारच्या नव्या पेशी ती लगेच उचलतात. म्हणजे एकाच पेशीने जन्मभर सांभाळलेली शाई नव्हे ती, पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात दिलेली आहे. आबोलीताई, हे तुमच्या धाग्यात मुद्दाम लिहितोय.

जुनं गोंदण हिरवट-निळं का दिसतं? शाई काळीच असते, काजळीचीच. पण ती कातडीच्या आत खोल असते, आणि वरच्या थरातून निळा प्रकाश जास्त विखरून परत येतो. शिरा निळ्या दिसतात त्याच जातीचं प्रकरण.

काढून टाकायचं म्हणाल तर लेझर. काळा रंग त्यातल्या त्यात लवकर जातो, पिवळा आणि फिकट हिरवा हट्टी. एका बैठकीत काही होत नाही, सहा-आठ आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका, आणि खर्च गोंदवून घेण्याच्या अनेक पट. रक्तदान करणाऱ्यांनी टॅटूनंतर वर्षभर थांबायचं असतं, हेही कुणी सांगत नाही.

पण मला सगळ्यात जास्त त्रास देतो तो खरा टॅटू नाहीच. किनाऱ्यावर "काळी मेंदी, पंधरा दिवसांत जाते" म्हणून पोरांच्या हातावर काढतात ती. मेंदी काळी नसते हो. त्यात केसांच्या कलपातलं पीपीडी नावाचं रसायन असतं. दरवर्षी डॉल्फिनच्या आकाराचे फोड घेऊन कुणीतरी येतं. नक्षी बरहुकूम उठलेली असते. आणि त्या पोराला पुढे जन्मभर केसांचा कलप चालत नाही.

अवांतर: माझ्या पणजीच्या दोन्ही गुडघ्यांवर ठिपके होते, वातावर उपाय म्हणून गोंदलेले. आम्ही हसायचो. मग आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेल्या त्या ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाबद्दल वाचलं. त्याच्या अंगावर ६१ खुणा, त्यातल्या बऱ्याच कंबर, गुडघा, घोटा अशा झिजलेल्या सांध्यांपाशी. पणजीची माफी मागायला ती आता नाही.

चौकडी_लुगडं

सगळे छान छान लिहिताहेत, मी जरा खडा टाकते.

आबोली, तुझ्या आजीच्या हातावर तुळस होती. माझ्या आजीच्या हनुवटीवर तीन ठिपके, कपाळावर एक, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले. आम्ही केपेकडचे, कुणबी. ती मडगावच्या बाजारात भाजी घेऊन बसायची. ते ठिपके बघूनच समोरच्याला कळायचं कोण आहे ते. एक दुकानदार तिला उरलेले पैसे कधी हातात देत नसे, फळीवर ठेवायचा. मी सात-आठ वर्षांची होते, मला वाटायचं त्याच्या हाताला काही झालंय.

माझ्या आईने म्हणून स्वतःला गोंदवून घेतलं नाही. तिच्या वेळेपर्यंत नाही म्हणता येऊ लागलं होतं. आणि आता पणजीतल्या कॅफेत कुणी पोरगी हनुवटीवर तेच तीन ठिपके काढून फोटोला उभी राहते, आणि सगळे म्हणतात, वा, मुळांकडे परतली. कुणाच्या मुळांकडे?

लुगड्याचंही असंच झालं. लाल चौकडीचं जाड लुगडं आमच्या आज्या चिखलात नेसायच्या, तेव्हा ते गावंढळ. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्सने ते रॅम्पवर नेल्यावर देखणं झालं. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांनी निदान कुठून आणलं ते नाव घेऊन सांगितलं. पण माझ्या आजीला त्यातलं काही मिळालं नाही. गोव्यातल्या कुणबी, गावडा, वेळीप यांना अनुसूचित जमातीत घेईपर्यंत २००३ साल उजाडलं. आजी १९९८ ला गेली.

तू काढलंस ते स्वतःच्या आजीचं काढलंस, म्हणून तुझ्याशी भांडण नाही. पण "लोक गोंदणाला नावं ठेवतात" हे आम्हाला नवीन नाही. आणि शाळेतल्या त्या धालोत हनुवटीवर ठिपके काढलेस म्हणालीस, तेव्हा कुणा कुणबी मुलीला काय वाटलं असेल ते विचारलंस का? तिला आवडलंही असेल. माझं म्हणणं एवढंच, की विचारलंस का?

आणि एक. बायकांना कुणी विचारून गोंदत नव्हतं.

आबोली_पेडणे

नाही विचारलं. खरंच नाही. सोळातल्या दोघी आहेत. आयलायनर धरताना एकीने हनुवटी मागे घेतली होती, मला वाटलं गुदगुल्या झाल्या.

अण्णा_साखळी

लुगडंबाईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. दुकानदाराची फळी मीही बघितली आहे, साखळीच्या बाजारात. तेव्हा काही बोललो नाही. बाकी माझं मत कायम.

संपादक

दोन प्रतिसाद उडवले आहेत. धागाकर्तीचं लग्न कसं जमेल यावर इथे चर्चा नको. तिसरा प्रतिसाद टॅटूच्या दुकानाची जाहिरात होती, तोही गेला. चालू द्या.

तीन_ठिपके

सहसा वाचनमात्र असते. नावावरून कळेलच.

माझ्या छातीवर तीन निळसर ठिपके आहेत, मोहरीएवढे. एक मधोमध, दोन कुशीला. रेडिएशनच्या वेळी मशीनचा झोत रोज अगदी त्याच जागी पडावा म्हणून शाईचा थेंब ठेवून सुईने टोचतात. टेक्निशियन मुलगी फार सांभाळून करत होती, म्हणाली, "काकी, हे जाणार नाहीत हं, चालेल ना?" मी म्हटलं, बाई गं, मी जाणार नाही एवढं बघ.

पंचवीस दिवस रोज त्या ठिपक्यांवर हिरव्या उजेडाच्या रेषा जुळवायच्या. छताकडे बघत मी मनात माटोळीची, चवथीला गणपतीवर टांगतात त्या फळांची, यादी म्हणायचे. नारळ, सुपारीचा शिपटा, तोरिंगण, आंबाडे, कांगलां, घागऱ्यो. यादी संपायच्या आत मशीन थांबायचं.

पुढच्या चवथीला घरी सगळे जमलेले. ब्लाउजचा गळा जरा मोठा होता, मधला ठिपका दिसत असावा. नात्यातल्या एक बाई, आजाराचं माहीत नसलेल्या, हसत म्हणाल्या, "ह्या वयात टॅटू काढलेस गो?" मी पण हसले. म्हटलं, हो, सरकारी आहे. जाऊबाई मात्र उठून स्वयंपाकघरात गेल्या.

लेझरने काढता येतात म्हणे. डॉक्टरांनी विचारलं होतं. मी अजून ठरवलेलं नाही. कधी वाटतं काढावेत, कधी अंघोळीच्या वेळी बोटाने मोजते, तीन आहेत ना.

रेघ ठाऊक नाही. पण पुसली नाहीस हे बरं केलंस.

कातडीवैद्य

काकी, घाई नाही. कधीही या, कुणाकडेही जा, काळे-निळे बारीक ठिपके दोन-तीन बैठकांत जातात. आणि ठेवलेत तर त्यांचं काही बिघडत नाही.

रापणकार

काकी, "सरकारी आहे" हे मी चोरणार. पुढच्या वेळी उलट्या नांगराबद्दल कुणी विचारलं की हेच उत्तर.

आबोली_पेडणे

रविवारी दोडामार्गला आत्याकडे गेले होते. हा धागा तिला वाचून दाखवला. ती आजीची थोरली मुलगी, आता सत्तरीची. चौकडी_लुगडं, तुझा प्रतिसाद वाचताना ती भात निवडायची थांबली. "बरां लिवलां हा," म्हणाली, आणखी काही बोलली नाही.

मग रेघेवरचे अंदाज वाचले. वात, पन्हळ, नाग. आत्या हसायला लागली ती थांबेचना, ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

गोष्ट अशी. आजी नऊ वर्षांची. दिवाळी झाल्यावर गोंदणारी बाई टोपली घेऊन गावात यायची. शेर-दोन शेर भात आणि नारळ घेऊन गोंदायची. पाच-सहा सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या, आणि दिव्यावर धरलेली काजळी. आजी लपून बसली होती. तिला ओढून आणली. आत्याच्या तोंडचं, आजीचं वाक्य: "दोघीनी धरून ठेवलेली माका, आणि एक गाणां म्हणत होती." शेवटच्या पायरीला आल्यावर आजीने हात हिसकला. सुई ओढली गेली. ती रेघ.

गोंदणारी बाई म्हणाली, आता ही कायमची राहणार. आजीच्या आईने एक मुस्कटात दिली आणि हळद लावली.

मी आत्याला विचारलं, आजीला नंतर आवडायचं का ते? आत्या म्हणाली, "तसां कोण इचारता?"

त्या टॅटूवाल्या मुलाने ती रेघ माझ्या हातावर किती जपून काढली होती. सगळ्यात शेवटी, श्वास धरून, एका दमात. मला म्हणाला, ताई, हात अजिबात हलवू नका.

शाळेचं म्हणाल तर बाईंना लेखी विचारलं आहे, नियम असेल तर दाखवा म्हणून. उत्तर आलेलं नाही. त्या दोन मुलींपैकी एकीशी बोलले. ती म्हणाली, तिच्या आजीचे ठिपके चार होते, मी तीन काढले होते.

सुई_शाई

ताई, नऊ वर्षांच्या पोरीचा हिसका होता तो. मी असतो तरी पुसू का म्हणून विचारलं असतं.

रापणकार

दिव्याची वात मागे घेतो.